कैलास कोणीं कोरविला?



असुरदेशचा राजा दुसरा असुरनासिरपाल (इ. स. पूर्वीं ८८३ ते ८५९) यानें कलहू येथें नवी राजधानी वसवून निनुर्त देवाचें मंदिर उभारलें. तेथील पाषाणांवर त्यानें आपले दिग्विजय कोरविले. नगराच्या विटांवरही त्याचें नांव उमटविलेलें आढळतें. कर्ता कोण, हें तेथें विचारावें लागत नाहीं.

आपल्या वेरुळच्या कैलासाची गोष्ट निराळी. डोंगरांत तिन्ही बाजूंनीं खोल चर पाडून मधला खडक शिखरापासून पायापर्यंत कोरीत आणलेलें, सुमारें शंभर फूट उंचीचें हें देवालय. पण तें अमक्यानें करविलें असें सांगणारा लेख त्यावर नाहीं. तें नांव कळलें एका ताम्रपटावरून. शके ७३४ चा हा ताम्रपट बडोद्यास मिळाला. त्याचा विषय ग्रामदान. परंतु दात्या कर्कराजाच्या पूर्वजांचें वर्णन करितांना, कृष्णराजानें एलापुर येथें अद्भुत मंदिर करविलें व तें पाहून खुद्द शिल्पीही स्वतःच्या कृतीनें विस्मित झाला, असें त्यांत म्हटलें आहे. हें एलापुर म्हणजेच वेरुळ, याची चर्चा डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८८३ सालीं केली.

हा राष्ट्रकूट कृष्ण पहिला. पुतण्या दंतिदुर्ग याच्यामागून तो इ. स. ७५६ च्या सुमारास गादीवर आला आणि सुमारें ७७३ पर्यंत त्यानें राज्य केलें. चालुक्य कीर्तिवर्म्याची उरलेली सत्ता त्यानें मोडली व गंगांवर स्वारी केली. कैलासाचे कांहीं भाग मागाहूनचे असले, तरी मुख्य देवालयाचें श्रेय विद्वान त्यालाच देतात.

आम्हां हिंजवडीकडील लोकांचा या राजाशीं आणखी एक संबंध आहे. त्याच्याच काळच्या इ. स. ७५८ व ७६८ च्या ताम्रपटांत ‘पुण्य विषय’ व ‘पूनक विषय’ हीं नांवें येतात. विषय म्हणजे परगण्यासारखा मुलुख. पुण्याच्या नांवाचे हे सर्वांत जुने उल्लेख होत. म्हणजे देवालयाचा कर्ता आणि आपल्या शहराचें प्राचीन नांव, दोन्ही आपणांस जमिनीच्या दानपत्रांनीं दिलीं.

आज आमच्या भोंवतालीं इमारतींच्या पायांसाठीं रोज जमीन खणली जात आहे. अक्षरें कोरलेला एखादा पत्रा हातीं लागला, तर तो मोडीच्या भावानें तांबटास देऊं नये, जिल्हाधिकाऱ्यांस कळवावें. १८७८ चा कायदाही तेंच सांगतो. तांब्याचे चार पैसे कोठेंही मिळतील. वितळलेलीं अक्षरें पुन्हां मिळणार नाहींत.