करवतीचें शिल्प

‘कला’ आणि ‘यंत्र’ हे दोन शब्द एका वाक्यांत आले कीं आपल्याकडील सुशिक्षितांच्या कपाळाला आठी पडते. त्यांतून तें यंत्र अरण्यें भुईसपाट करणारी साखळी-करवत असेल, तर बोलावयासच नको. तथापि याच करवतीनें लाकडाच्या ओंडक्यांतून अस्वलें, गरुड आणि मनुष्याकृति कोरणारे कारागीर आज अमेरिका, युरोप व जपान येथें मेळावे भरवितात. या हत्याराचा इतिहास पाहिला असतां आपला निकाल थोडा लांबणीवर टाकावा, असें वाटूं लागतें.

हिचा जन्म अरण्यांत झाला नाहीं. तो वैद्याच्या खोलींत झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस एटकिन व जेफ्री या दोन स्कॉटिश वैद्यांनीं हाड कापण्यासाठीं दातेरी साखळी वापरांत आणिली. १८३० च्या सुमारास व्यूर्त्सबुर्ग येथील बर्नहार्ट हाइनें यानें तशी साखळी एका पात्याभोंवतीं बसवून दांड्यानें फिरविली. हातोडा व छिनी यांचे हादरे रोग्यास बसूं नयेत, हा त्याचा हेतु. आज दांडगाईचें प्रतीक वाटणारें हें हत्यार मूळचें असें दयाबुद्धीचें आहे.

वृक्षतोडीकडे ती वळली विसाव्या शतकांत. आंद्रेआस श्टील या जर्मन यंत्रज्ञानें १९२६ सालीं विजेवर आणि १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. ही दुसरी सुमारें ४६ किलो वजनाची. ती पेलावयास दोन माणसें लागत. अशा धुडानें नाकडोळे कोण कोरणार? पुढें १९४६ सालीं अमेरिकेंतील ऑरेगन संस्थानांत जोसेफ कॉक्स हा लाकूड फोडीत असतां एका भुंगेऱ्याची अळी त्याच्या दृष्टीस पडली. ती लाकूड उभें-आडवें सारख्याच सहजतेनें पोखरीत होती, आणि तिचे जबडे डावीउजवीकडे चालत होते. तोच नमुना धरून त्यानें नव्या दात्यांची साखळी बनविली व १९४७ सालीं तिचा कारखाना काढला. करवतीचें वजन उतरत गेलें, तशी ती एकट्या माणसाच्या हातीं आली. १९६१ सालीं केन कायझर यानें कॅलिफोर्नियांतील ‘ट्रीज ऑफ मिस्टरी’ या स्थळासाठीं ५० शिल्पें कोरिलीं.

आजच्या कारागिराचें एका करवतीवर भागत नाहीं. मोठ्या करवतीनें तो ढोबळ आकार काढतो; पिसें, केस आणि वस्त्रांच्या चुण्या यांसाठीं निमुळत्या टोंकाचें पातें घेतो. साध्या पात्याच्या टोंकाचा वरचा भाग लाकडास लागला, तर करवत उसळून चालविणाऱ्याच्या अंगावर येते. टोंक बारीक असल्यास हा धोका कमी होतो आणि लहान वळणेंहि घेतां येतात. अशा टोंकांस त्यांच्या आकारावरून ‘डाइम’ व ‘क्वार्टर’ हीं अमेरिकन नाण्यांचीं नांवें पडलीं आहेत. शेवटचा हात यंत्रावर फिरणाऱ्या लहान कानशींचा. नंतर गॅसच्या ज्योतीनें पृष्ठभाग किंचित् जाळून छाया उठवितात.

पेन्सिल्व्हानियांतील रिजवे हें लाकडाच्या व्यापारावर वाढलेलें गांव. तेथें फेब्रुवारीच्या कडाक्यांत भरणाऱ्या मेळाव्यांत देशोदेशींचे कारागीर चढाओढ बाजूस ठेवून एकमेकांचें पाहून शिकत, आणि शिल्पांच्या लिलावाचा पैसा धर्मकार्यास जाई. स्कॉटलंडमधील कारब्रिज येथील स्पर्धेंत मात्र घड्याळाचा अंमल असतो. चार तासांत ओंडक्याचें शिल्प झालें पाहिजे.

इतक्या घाईंत कला कशी संभवेल, असा वाचक आक्षेप घेतील. रस्त्याकडेला विक्रीस ठेवलेलीं एकाच सांच्याचीं अस्वलें पाहिलीं, तर तो सर्वस्वीं खोटाहि नाहीं. परंतु वेरूळचें कैलास लेणें आठवावें. वरून खालीं कोरीत आलेल्या त्या शिल्पकारांस एकदां काढलेला दगड पुन्हां बसवितां येत नव्हता. करवतीची अट तीच, पण अधिक कठोर आहे. पटाशीची चूक एका ढलपीची असते. करवतीची चूक शिल्पाचें नाकच घेऊन जाते. म्हणून तिला हात लावण्यापूर्वीं आकृति मनांत पुरी व्हावी लागते, आणि मेळाव्यांत खरें शिकावयाचें तें कोठें थांबावें हें. झाड पाडणाऱ्यास ही विद्या लागत नाहीं. मूर्ति घडविणाऱ्याचें तिच्यावांचून चालत नाहीं. यंत्र दोघांच्या हातीं एकच असतें.