हजाराच्या आकड्याची कुळकथा

कार्बन डायऑक्साइड मोजणारं मुठीएवढं यंत्र आता कुणालाही विकत घेता येतं. दशलक्षात १००० भागांच्या खाली असेल तर हिरवा दिवा, वर गेलं की पिवळा, मग लाल. सुरतेतल्या रिंग रोडवरचा कापड मार्केटातला गाळा असो, वराछातलं हिऱ्याचं ऑफिस असो की लिंबायतमधल्या डॉक्टरांची तपासणीची खोली, बहुतेक यंत्रांचा दिवा याच हजाराच्या आसपास रंग बदलतो. हा आकडा ठरवला कुणी? त्याचा माग काढत गेलं की आपल्या बंद खोल्यांतला एक जुना घोटाळा हाती लागतो. खोली गार झाली म्हणजे हवा चांगली झाली, असं आपण धरून चालतो. ही दोन कामं वेगळी आहेत.

माग लागतो तो म्युनिकमध्ये, माक्स फॉन पेटेनकोफर या रसायनशास्त्रज्ञाच्या खोलीत. शाळेत आपण सगळ्यांनी चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकून ती दुधाळ केलेली आहे. पेटेनकोफरनं हीच युक्ती काटेकोर केली. निवळीच्या जागी बेरियमचं द्रावण घेतलं आणि खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड नेमका किती, हे मोजायची पद्धत बसवली. आपण सोडलेल्या श्वासात तो शेकडा चारच्या आसपास असतो. त्यामुळे माणसं बसलेल्या बंद खोलीत तो चढत जातो. त्या काळी पुष्कळांना वाटे की कोंदट खोलीतलं विष ते हेच. पेटेनकोफरला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं असं, की माणसाच्या अंगातून आणि श्वासातून इतरही पुष्कळ काही हवेत मिसळतं. ते मोजायला साधन नाही. पण कार्बन डायऑक्साइड त्याच्याबरोबरीनं वाढतो आणि तो मोजता येतो. म्हणून त्याचा उपयोग खुणेसारखा करावा. १८५८ साली त्यानं राहत्या घरांतल्या हवापालटावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि चांगल्या हवेची हद्द सांगितली : हजार भागांत एक भाग. दशलक्षात मांडलं तर हजार. निजायच्या खोलीसाठी त्यानं हद्द आणखी खाली, हजारात ०.७ वर ठेवली.

म्हणजे पहिल्या दिवसापासून हा आकडा विषाची मात्रा नव्हता. ‘आतली हवा किती शिळी झाली’ याची ती खूण होती, आणि तिला आधार होता बराचसा नाकाचा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. न दिसणाऱ्या, न मोजता येणाऱ्या गोष्टीला मोजता येणारा सोबती शोधून देणं, ही पेटेनकोफरची खरी देणगी.

त्यानं स्वतःची ७५ घनमीटरची खोलीही मोजली. बाहेर कडाक्याची थंडी, आतबाहेर १९ अंशांचा फरक. अशा वेळी तासाला ७५ घनमीटर हवा आपोआप बदलत होती. सगळ्या फटी कागद चिकटवून बुजवल्या तरी ५४ घनमीटर बदलतच राहिली. त्यावरून त्यानं ठरवलं की विटांच्या भिंतीच श्वास घेतात, आणि विटेतून फुंकर घालून मेणबत्ती विझवण्याचा प्रयोग करून लोकांना दाखवला. पुढे हे चुकीचं ठरलं. गिलावा केलेल्या भिंतीतून जाणारी हवा नगण्य असते, त्याच्या काही फटी बुजायच्या राहिल्या असणार. पण त्याच खोलीतली दुसरी नोंद आजही लागू आहे. आतबाहेरचा फरक ४ अंशांवर आला, तेव्हा तासाला जेमतेम २२ घनमीटर हवा बदलली. आपल्याकडे पंखा लावलेल्या खोलीत आणि बाहेर एवढाही फरक बऱ्याचदा नसतो. नुसत्या फटींच्या भरवशावर सुरतेत हवा खेळणार नाही.

१८६८ साली हिंदुस्थानात नेमणूक झालेले लुइस आणि कनिंगहॅम हे दोन तरुण डॉक्टर म्युनिकला जाऊन पेटेनकोफरला भेटले होते. पण इथं त्याचं नाव गाजलं ते कॉलऱ्याच्या चुकलेल्या सिद्धान्तामुळे. हवेच्या मापाकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

मग १९०५ मध्ये ब्रेस्लाऊच्या कार्ल फ्ल्युगे यांच्या प्रयोगशाळेत एक निर्णायक प्रयोग झाला. माणसांना बंद पेटीत बसवलं. कार्बन डायऑक्साइड शेकडा एकच्या वर गेला, तरी उष्मा आणि दमटपणा काढून घेतला की त्यांना बरं वाटे. उलट अंग पेटीत ठेवून नुसतं नळीनं बाहेरची ताजी हवा घेतली, तर घुसमट जाईना. लंडनमध्ये लेनर्ड हिल यांनी अशाच पेटीत पंखा लावला आणि विद्यार्थ्यांचा जीव थाऱ्यावर आला. निष्कर्ष बरोबर होता. कोंडल्यासारखं वाटतं ते उष्म्यानं. पण त्यातून अभियंत्यांनी जो धडा घेतला त्यानं पुढची सगळी दिशा बदलली : अंगाला गार वाटलं की काम झालं.

गार करणारं यंत्र तेव्हा नुकतंच आलेलं होतं, तेही माणसांसाठी नव्हे. १९०२ मध्ये विलिस कॅरिअरनं ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यात बसवलं, कारण दमट हवेनं कागद आकसे-फुगे आणि रंग जागेवर बसत नसत. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर यांनी वापरला तो सूतगिरण्यांसाठी. हवा कोरडी पडली की धागा तुटतो, हे सुरतेत उधना-पांडेसऱ्यातल्या कुठल्याही खानदेशी कारागिराला सांगावं लागत नाही.

हजाराचा आकडा परत आला तो मात्र वेगळ्याच वाटेनं. १९३६ मध्ये हार्वर्डच्या याग्लू यांनी खोलीत माणसं बसवून, बाहेरून येणाऱ्याला वास किती जाणवतो हे विचारून माणशी हवेचा हिशेब मांडला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर वीज वाचवायला तो हिशेब कापला गेला. अमेरिकेतल्या ‘अ‍ॅशरे’ या संस्थेच्या १९८१ च्या मानकात, धूम्रपान नसलेल्या कार्यालयाला माणशी मिनिटाला ५ घनफूट बाहेरची हवा पुरेशी ठरली. खिडक्या बंद झालेल्या काचेच्या इमारतींत लोकांची डोकी दुखू लागली, डोळे चुरचुरू लागले. १९८९ मध्ये किमान हद्द १५ घनफुटांवर आली. १५ घनफुटांना बाहेरच्यापेक्षा साधारण ७०० जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. बाहेरचे तेव्हा ३०० धरले, की बेरीज पुन्हा हजार! आज बाहेरच्याच हवेत तो ४२० च्या वर आहे. ‘अ‍ॅशरे’नं २०२२ मध्ये स्पष्टच सांगितलं, की हजार ही आमची आरोग्याची मर्यादा नव्हे.

आता सुरतेच्या दवाखान्यातली एक खोली घेऊ. दहा बाय दहा, उंची दहा फूट, म्हणजे सुमारे २८ घनमीटर. डॉक्टर, रुग्ण आणि सोबतचा नातेवाईक. माणशी तासाला अंदाजे १९ लिटर कार्बन डायऑक्साइड. भिंतीवर स्प्लिट एसी आहे, दार लोटलेलं, डास आणि धूळ नको म्हणून खिडकी बंद. स्प्लिट एसी बाहेरून हवा आणत नाही, आतलीच गार करून फिरवतो. हे कितीतरी शिकलेल्या माणसांना ठाऊक नसतं. बाहेरचं काहीच आत आलं नाही, तर अशा खोलीत आकडा पंधरा-वीस मिनिटांत हजार ओलांडतो आणि तासाभरात अडीच हजाराच्या घरात जातो. अडीच हजाराला आपल्या दर शंभर श्वासांतले पाच-सहा श्वास खोलीतल्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आधीच येऊन गेलेले असतात. त्या खोलीत बसलेला माणूस खोकला घेऊन आलेला आहे, हे विसरून कसं चालेल?

नुसत्या हवेतून रोग जातो, हे क्षयाच्या बाबतीत सिद्ध झालेलं आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरमध्ये विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा वरच्या मजल्यावरच्या गिनिपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. रुग्ण कधी जवळ आला नाही, तरी प्राण्यांना क्षय झाला. आणि सुरतेला तर १९९४ चा सप्टेंबर आहे. फुप्फुसाचा प्लेग, खोकल्यावाटे माणसातून माणसात जाणारा. लाखो लोकांनी शहर सोडलं. १९९५ मध्ये आलेल्या आयुक्त एस. आर. राव यांनी ‘एसी टू डीसी’ म्हणत अधिकाऱ्यांना गार खोल्यांतून रोजच्या फेरीला बाहेर काढलं आणि शहर धुऊन काढलं. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण साफ झाले ते रस्ते, गटारं, खाणावळी. २०२४ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांवरच्या शहरांत सुरत पहिली आली, तीही बाहेरच्या हवेसाठी. दिवसाचे बहुतेक तास आपण जिथं काढतो तिथली हवा त्या सर्वेक्षणात धरली जात नाही.

रुग्णालयात हजाराची खूण पुरतही नाही. तिथं हिशेब वेगळा : शस्त्रक्रियागृहात तासाला किमान २० वेळा हवा बदलावी, त्यातली ४ वेळची बाहेरची असावी. हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या विलगीकरण खोलीत १२ वेळा, आणि तिथला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे दार उघडलं तरी हवा आत ओढली जावी. खिडक्यांवर चालणाऱ्या साध्या वॉर्डाला आणि ओपीडीला जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा सुचवली. शिवाय कार्बन डायऑक्साइडचं ते मुठीएवढं यंत्र धूळ दाखवत नाही, रंगाचा किंवा जंतुनाशकाचा वास दाखवत नाही. उलट चांगला हेपा फिल्टर जंतू गाळत असतानाही त्यावर आकडा चढलेलाच दिसेल.

मोठ्या इमारतींत गारवा आणि हवापालट ही दोन कामं पुन्हा वेगळी करायची खटपट सुरू झालेली दिसते. खजोदच्या सुरत डायमंड बोर्समध्ये, ज्याचं उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी झालं, नऊ मनोरे जोडणाऱ्या लांबलचक मधल्या मार्गिकेत वारा खेळेल अशी रचना आहे, आणि गारवा द्यायला फरशीखालून थंड पाण्याचे नळ नेले आहेत. गारवा पाण्यानं, हवा वाऱ्यानं.

दहा बाय दहाच्या खोलीला एवढं काही लागत नाही. तासाला अडीचशे घनमीटर ओढणारा लहानसा एक्झॉस्ट पंखा बसवला, तर तीन माणसांनिशीही आकडा साडेसहाशेच्या आसपास थांबतो. मात्र त्या पंख्यानं ओढलेली हवा आत येणार कुठून, हे आधी पाहायला हवं. ती बाहेरच्या बाजूनं, जाळीतून आणि शक्यतो फिल्टरमधून यावी. दाराखालच्या फटीतून येत असेल, तर ती बाहेर बाकावर खोकत बसलेल्या पंधरा माणसांची हवा असते.