स्मृतिभ्रंश टळत नाही, असे कोण म्हणतो?

स्मृतिभ्रंश म्हणजे वय आणि आनुवंशिकता. ज्येष्ठांसाठी गावोगाव कार्यक्रम घेऊन तो टळत नाही, फार तर वेळ बरा जातो, असे मत सुशिक्षितांतही रूढ आहे. हे मत निराधार नाही. वय हा या आजाराचा सर्वांत मोठा धोका आहेच. शिवाय नेदरलँड्समध्ये ७० ते ७८ वर्षांच्या सुमारे साडेतीन हजार ज्येष्ठांना परिचारिकांनी वर्षानुवर्षे रक्तदाब, आहार, व्यायाम यांबाबत मार्गदर्शन केले; २०१६ साली निकाल आला, तेव्हा स्मृतिभ्रंशाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. पूर्वपक्षाच्या हातातले हे सर्वांत धारदार शस्त्र.

पण ते कापते काय? तिथे तुलनेच्या गटालाही चांगली वैद्यकीय सेवा मिळतच होती, आणि दोन्ही गटांच्या रक्तदाबात अगदी थोडा फरक पडला. उपचारच वेगळा झाला नाही, तर फळ वेगळे कसे येणार? मात्रा कमी पडली. उपाय खोटा ठरला नाही.

मात्रा पुरेशी असेल, तर? ग्रामीण चीनमधील ३२६ गावांत, चाळिशीपुढच्या सुमारे ३४ हजार उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर हे तपासले गेले. निम्म्या गावांत तिथल्याच गावडॉक्टरांनी ठरलेल्या पायऱ्यांनी गोळ्या वाढवल्या, त्या मोफत वा स्वस्तात दिल्या आणि घरी रक्तदाब मोजायला शिकवले. लक्ष्य १३०/८० च्या खाली. चार वर्षांत वरचा रक्तदाब इतर गावांपेक्षा सुमारे २२ अंकांनी अधिक उतरला आणि स्मृतिभ्रंशाचा धोका १५ टक्क्यांनी घटला. निकाल २०२५ साली प्रसिद्ध झाला.

‘फक्त १५ टक्के?’ असे विचारणाऱ्यांना उलट प्रश्न: निरोगी माणसाला स्मृतिभ्रंशापासून वाचवणारे मान्यताप्राप्त औषध आज कोणते आहे? एकही नाही.

राहिली आनुवंशिकता. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षांच्या १,२६० जणांवर आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबावर देखरेख यांचा दोन वर्षे एकत्र प्रयोग झाला. त्यात मोजली गेली ती आकलनशक्ती, स्मृतिभ्रंश नव्हे, हे मान्य. पण धोक्याचे जनुक असलेल्यांनाही लाभ दिसला. मग जन्मजात वारशापुढे हात टेकायचे कशासाठी?

पूर्वपक्षाचे एक म्हणणे खरे: नुसत्या सहली आणि भाषणांनी हा आजार अडत नाही. म्हणूनच आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत रक्तदाब मोजला जावा, नोंदला जावा, आणि वाढलेला आढळला तर तो उतरेपर्यंत पाठपुरावा व्हावा. कार्यक्रम अपुरा असेल, तर तो पुरा करायचा. बंद करायचा नाही. दोन्ही बाजू वाचकांसमोर आहेत. निवाडा त्यांनीच करावा.