हंपीचा रिकामा गाभारा

वाचकहो, भानुदास महाराजांच्या चरित्रामुळे विजयनगरचे नाव वारकऱ्याला परके नाही. कार्तिकी एकादशीच्या कीर्तनात ते हमखास येते. पण ते विजयनगर आज कोठे आहे आणि कसे आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिले असेल. कर्नाटकात तुंगभद्रेच्या काठी हंपी नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या भोवती मैलोगणती पसरलेले दगड म्हणजेच ती राजधानी. कधी योग आला तर अवश्य जावे, आणि तेथलाच एखादा गाईड सोबत घ्यावा. दगडांना बोलते करणारा माणूस बरोबर नसेल तर सारे अवशेष सारखेच दिसू लागतात.

आम्हाला भेटलेला गाईड शेजारच्या कमलापूरचा. घरची थोडी शेती सांभाळून तो हे काम करतो. भाषा हिंदी, मधूनच कानडी, आणि महाराष्ट्रातले प्रवासी नेहमीचे असल्याने कामापुरती मराठीही. आमच्या गळ्यातल्या माळा पाहून तो म्हणाला, "तुम्हाला आधी विठ्ठल मंदिरच बघायचे असेल. पण ते शेवटी दाखवतो. आधी बाकीचे बघा, म्हणजे ते कळेल."

त्याचे म्हणणे खरे ठरले. हरिहर आणि बुक्क या बंधूंनी इ. स. १३३६ च्या सुमारास या राज्याचा पाया घातला. कृष्णदेवरायाच्या कारकिर्दीत (१५०९ ते १५२९) ते वैभवाच्या शिखरावर होते. त्या काळात आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने या नगराची तुलना रोमशी केली आहे. बाजारात हिरे-माणके विकली जात. पुढे जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली, रामराय मारला गेला, राजघराणे पेनुकोंड्याकडे निघून गेले आणि राजधानी लुटली गेली. तिथे पुन्हा कधी राजधानी वसली नाही.

राजवाड्यांच्या जागी आता केवळ दगडी जोती आहेत. वरचे काम लाकडाचे होते, ते उरले नाही. जेथे बसून राजे नवरात्राचा सोहळा पाहत, तो महानवमीचा उंच चौथरा उघडा पडला आहे. तिथून उतरल्यावर गाईडने आम्हाला शेताकडे नेले. दोन्ही बाजूंना केळी आणि भात, मधून खळाळणारे पाणी. "हा कालवा राजांच्या वेळचा," तो म्हणाला. "वाडे गेले, हा आहे. कारण आम्हाला रोज पाणी लागते. गाळ साठला की काढावाच लागतो."

त्यानंतर विरूपाक्षाचे मंदिर. हे दैवत राजधानीच्याही आधीपासून इथले. राज्य आले, मोठे गोपुर झाले. राज्य गेले, तरी पूजा चालू राहिली. आजही तेथे घंटा वाजते, नवस फेडले जातात, रथ ओढला जातो.

आणि मग शेवटी विठ्ठल मंदिर. पन्नास रुपयांच्या नोटेवर ज्याचे चित्र आहे, तो दगडी रथ याच आवारात आहे. तो खरे तर गरुडाचे मंदिर आहे. बोटाने वाजवले असता ज्यांतून स्वर निघतात असे खांब इथल्या मंडपात आहेत. आता त्यांना हात लावू देत नाहीत. कृष्णदेवरायाच्या राण्यांनी इथे गोपुरे उभारली. मंदिरापुढे लांबच लांब बाजारपेठ, जवळच पुष्करिणी. एवढे सगळे पाहत आपण गाभाऱ्याशी येतो आणि आत काही नसते. नुसता अंधार.

परंपरा सांगते, विजयनगरच्या राजाने पंढरीचा विठ्ठल येथे आणला, आणि भानुदास महाराजांनी तो पुन्हा पंढरपुरास नेला. महिपतींच्या 'भक्तविजया'त ही कथा आहे. भानुदास हे नाथमहाराजांचे पणजोबा. शिलालेख या मंदिराच्या बांधकामांविषयी आणि दानांविषयी बोलतात, कथा भक्तीविषयी बोलते. दोन्हींचा मान ठेवावा, पण एकाचे काम दुसऱ्याला सांगू नये.

राजाने दिले म्हणून देव टिकला नाही, असा सोपा निष्कर्ष मात्र काढू नका. पंढरपूरलाही राजाश्रय होता. तेथील चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात (१२७३ ते १२७७) रामदेवराव यादव आणि हेमाद्री यांची नावे आहेत, तशी इतर अनेक भाविकांच्या देणग्यांची नोंदही आहे. पुढे १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपले. देवगिरीचे वैभव गेले, पण पंढरीची वाट मोडली नाही. कारण ती वाट दरवर्षी पायांखाली येत होती. हंपीचे विठ्ठल मंदिर ज्या वस्तीसाठी होते ती वस्ती राजधानीबरोबर उठली. विरूपाक्षाची माणसे राहिली, म्हणून विरूपाक्ष राहिला. कालव्याचे शेतकरी राहिले, म्हणून कालवा वाहता राहिला.

विठ्ठलही तिथून पुरता गेला नाही. मंदिराजवळ नदीकाठी पुरंदरदासांच्या नावाचा मंडप आहे. पुरंदरदासांच्या पदांत शेवटी 'पुरंदर विठ्ठल' अशी मुद्रा असते, आणि ती पदे कानडी घराघरांत आजही म्हटली जातात. दगडाच्या गाभाऱ्यात जो नाही, तो तिथल्या गळ्यात आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या रिकाम्या गाभाऱ्यात प्रवासी चपला घालूनच शिरत होते. आमच्या गाईडने मात्र उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. देव नाही तर चपला का काढल्या, असे विचारले, तेव्हा म्हणाला, "माझी आजी काढायची." एवढेच.

वाचकहो, आता आपल्या गावाकडे वळून पाहा. गेल्या काही वर्षांत गावोगावी विठ्ठल मंदिरांचे जीर्णोद्धार झाले. नवे शिखर, गुळगुळीत फरशी, भिंतीवर देणगीदारांच्या नावांची पाटी. चांगलेच आहे, त्यात वावगे काही नाही. पण पहाटेच्या काकड्याला किती जण असतात? हरिपाठाला टाळ धरणाऱ्यांत पंचवीस वर्षांखालचे किती? वीणा खांद्यावर घ्यायला पुढची पिढी तयार आहे, की पहारा पुरा करायला शेजारच्या गावातून माणूस आणावा लागतो? पोरे कामासाठी शहरात गेली, हे खरेच आहे, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मात्र ती सणाला घरी येतात तेव्हा आपण त्यांना नवे शिखर दाखवतो, की त्यांच्या हातात टाळ देतो?

हंपीत दगडकामात काही उणे नव्हते. उणे पडली ती रोज येणारी माणसे. येत्या एकादशीला मंदिरात जाताना घरातले एखादे लेकरू बोटाला धरून न्या. त्याला अभंग पाठ नसला तरी चालेल. उंबऱ्याबाहेर चपला कोण काढायचे, हे त्याला पुढे आठवले पाहिजे.

रामकृष्ण हरी.