अमूर्ताची मोजपट्टी

रशियन व्याकरणात नामांचे कप्पे जुने आहेत: टेबल इकडे, धैर्य तिकडे. भाववाचक नामाचं सहसा अनेकवचन होत नाही, त्याला संख्याविशेषण चालत नाही, आणि बऱ्याचदा मागे ‘-ओस्त’ किंवा ‘-स्त्वो’ हा प्रत्यय असतो. नताल्या श्वेदोवा यांच्या संपादनाखाली १९९८पासून निघालेल्या अर्थकोशातही शब्द कुठे बसवायचा ते कोशकारच ठरवतात. बोलणाऱ्याला कुणी विचारत नाही.

विचारायची सवय लावली मानसशास्त्रानं. १८८०मध्ये फ्रान्सिस गॉल्टननं लोकांना सकाळचं न्याहारीचं टेबल मनात आणायला सांगितलं आणि उत्तरं चित्राच्या स्पष्टतेनुसार लावली. बऱ्याच वैज्ञानिकांना काहीच दिसत नव्हतं! पुढे कॅनडात ॲलन पायव्हिओ आणि सहकाऱ्यांनी १९६८मध्ये ९२५ इंग्रजी नामांचे गुण छापले. मूर्तता, म्हणजे शब्दामागची गोष्ट इंद्रियांना किती जाणवते ते, सात पायऱ्यांवर मोजलेली, गुण देणारे विद्यार्थी. (हे पायव्हिओ १९४८चे ‘मिस्टर कॅनडा’, शब्दांआधी वजनं उचलत होते.) त्यांना कोडं होतं स्मरणाचं: डोळ्यांपुढे उभे राहणारे शब्द जास्त का लक्षात राहतात? २०१४मध्ये मार्क ब्रिसबार्ट यांच्या गटानं इंटरनेटवरून चार हजारांहून अधिक माणसांकडून जवळपास ४०,००० इंग्रजी शब्दांची मूर्तता तपासून घेतली. सगळ्या इंद्रियांचा विचार करा असं बजावूनही लोकांनी भर दिला तो पाहण्यावर आणि स्पर्शावरच. आवाज बिचारा मागे राहिला.

रशियनसाठी हे काम कझान विद्यापीठानं अंगावर घेतलं. भाषावैज्ञानिक बोदुआँ द कुर्तने यांनी स्वनिमाचा विचार घडवला तो याच गावी. वलेरी सोलोव्योव यांच्या गटानं २०२२मध्ये १,५०० शब्दांचा कोश मांडला. त्यातले गुण रशियन मातृभाषा असलेल्यांनी दिलेले. त्यावरून न्यूरल नेटवर्कला शिकवून २२,००० शब्दांचा यांत्रिक कोशही केला, आणि तो तपासायला पुन्हा माणसांचेच गुण प्रमाण धरले. उपयोग अगदी जमिनीवरचा: शालेय पुस्तकात अमूर्त शब्द किती, यावरून ते मुलांना किती जड जाईल याचा अंदाज.

मला मात्र पट्टीचा मधला भाग संशयास्पद वाटतो. टोकांना फारसा वाद नसतो. पण पाच पायऱ्यांच्या पट्टीवर मधला आकडा दोन वाटांनी येतो: सगळ्यांनी तीन गुण दिले तरी, किंवा निम्म्यांनी एक आणि निम्म्यांनी पाच दिले तरी. ‘क्लास’ हा रशियन शब्द घ्या. एकाच्या डोळ्यांपुढे बाकं आणि फळा येईल, दुसऱ्याला कामगारवर्ग आठवेल. दोघांची सरासरी काढून हाती येणारा अर्थ दोघांपैकी कुणाच्याच मनात नव्हता. कझानच्या गटानं अनेकार्थी शब्दांचा प्रश्न वेगळा तपासला आणि गुण किती विखुरलेले आहेत तेही नोंदवलं, ते म्हणूनच मोलाचं. नुसती सरासरी उचलून पाठ्यपुस्तकं तोलणाऱ्यानं विखुरण्याचा तो आकडा आधी पाहावा.