राणीची बाग: आधी झाडं, मग पिंजरे

राणीची बाग म्हटलं की पोरांना पेंग्विन आठवतात. ते आले २०१६ मध्ये. भायखळ्याची ही बाग मात्र उघडली १८६२ मध्ये, आणि तीही झाडांसाठी! १८७३ मध्ये ती पालिकेकडे आली. प्राण्यांचे पिंजरे त्यानंतरचे.

२००७ मध्ये पालिकेने इथे आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयाची योजना आणली. काही नागरिकांनी ‘सेव्ह राणी बाग’ समिती काढली. त्यांचं म्हणणं साधं होतं: गोरखचिंचेपासून २८० हून जास्त जातींची सुमारे ३ हजार झाडं इथे आहेत, ती धरून बोला. पुढे मूळ योजना बदलावी लागली.

झाड मारायला कुऱ्हाडच लागते असं नाही. चर खणला की मुळं तुटतात. बुंध्याभोवती काँक्रीट ओतलं की मुळांना हवा-पाणी मिळत नाही. झाड कोसळतं काही पावसाळ्यांनी. तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं!

म्हणून नकाशावर आधी झाडं, मग बांधकाम. उद्या आपल्या जालन्याच्या मोतीबागेत काम निघालं, तर पहिला प्रश्न हाच विचारा: झाडांची यादी कुठंय?