फेराला साथ कशाची?

गतवर्षी हादग्याच्या वेळी आपल्या मंडळात जो वाद झाला, तो पुष्कळ भगिनींना आठवत असेल. कोणी म्हणाल्या पेटी आणावी, कोणी म्हणाल्या ढोलकी. तरुण सुनांचे म्हणणे पडले की, कर्ण्यावर तयार गाणी लावली म्हणजे झाले. होय-नाही करता करता पेटी आली आणि फेर पार बिघडला. तो का बिघडला, हे मी पुढे वर्षभर जुन्या बायकांना विचारीत राहिले, थोडे वाचलेही. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते.

हादगा हा हस्त नक्षत्राच्या दिवसांतला खेळ. मध्ये पाटावर हत्ती काढावयाचा व भोवती फेर धरावयाचा. पुण्याकडे यालाच भोंडला म्हणतात. या खेळात वाद्य मुळी नव्हतेच. एकीने ओळ सांगावयाची, बाकीच्यांनी ती उचलावयाची, ठेका पायांचा. झिम्म्याला टाळी, फुगडीला तोंडाचा पकवा आणि बांगड्यांचा आवाज. गरिबीमुळे वाद्य नव्हते असे कोणी म्हणेल, पण मला ते पटत नाही. वाद्य आले की वाजविणारा आला, आणि तो बहुधा पुरुष. ज्या गाण्यातून सुना सासूची गाऱ्हाणी सांगत, तेथे त्याचे काय काम? शिवाय आवाज आपलाच असल्यामुळे नवी ओळ तेथल्या तेथे घालता येई, आणि कोणाला दम लागला तर फेर जरा मंदावताही येई.

पेटी तर अगदी अलीकडची. एकोणिसाव्या शतकात ती फ्रान्स देशात निघाली आणि पुढे कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी ती मांडी घालून, एका हाताने भाता मारून वाजविता येईल अशी केली. भजनाला तिच्यासारखी सोबत नाही. परंतु तिचे सूर ठरलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर आवाज घसरत न्यावयाचा, ते तिला साधत नाही. याच कारणावरून आकाशवाणीने १९४० साली तिला बंद केले होते, ते १९७१ पर्यंत. आमची अडचण त्याहून साधी होती. पेटीवाल्यांनी काळी पाचमध्ये सूर धरला. साठीच्या बायकांचा आवाज तेथवर जाईना, त्या एकेक करून गप्प झाल्या. आणि गाणी पाठ होती ती त्यांनाच!

ढोलकीला विरोध झाला तो 'ती तमाशाची' म्हणून. जामखेडात संगीत बारीची कला केंद्रे, नागपंचमीला नागेश्वराची यात्रा. ढोलकी आपल्या कानांना काही नवी नाही. ज्या विठाबाई नारायणगावकरांचा गौरव राष्ट्रपतींनी केला, त्यांच्या साथीचे वाद्य हलके कसे? मला ढोलकी नको वाटते ती निराळ्या कारणाने. ती चढत जाते, आणि चाळीस बायकांचा फेर तिच्यामागे धावू शकत नाही.

लेझमीचे मात्र वेगळे. तो मूळचा तालमीतला व्यायाम. साखळी लावलेल्या धनुष्यापासून लेझीम आली असे सांगतात. तिला हलगीच पाहिजे, जसा धनगर बांधवांच्या गजी नाचाला ढोल. कड्यावर बकऱ्याचे कातडे ताणलेले, विस्तवावर शेकले की कडाडते. पण हलगी कोणी वाजवावयाची हे गावाने जातीवरून ठरवून ठेवले होते. वाजविणाऱ्याने मांडवाबाहेर उभे राहावयाचे आणि शेवटी मिळेल ती भाकरी घ्यावयाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशी कामे सोडा म्हणून सांगितले, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेकांनी वाद्य खाली ठेवले ते पुन्हा उचललेच नाही. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनेही गेली. तेव्हा हलगीवाला मिळत नाही अशी कुरकुर करण्यापूर्वी आपण हे आठवावे.

यंदा ठरले ते असे. हादग्याला कोणतेच वाद्य नाही. ओळ सांगावयास सर्वांत वडील बाई. लेझमीला हलगी, बिदागी आधी ठरवून, आधीच द्यावयाची. तयार गाणी खिरापतीनंतर, रात्री दहाच्या आत, कारण त्यापुढे कर्ण्याला कायद्याने मनाई आहे. हलगीवाले दादा तालमीच्या पहिल्या दिवशी पटांगणाच्या कडेलाच उभे राहिले. "आत या," म्हटले तर म्हणाले, "येथूनही ऐकू येते, ताई." आमच्यातलीही एक भगिनी हळूच म्हणाली की, राहू द्या तिकडेच. तेव्हा चिटणीसबाईंनी उठून सतरंजीवर त्यांची जागा दाखविली आणि आमच्याच किटलीतला चहा दिला. त्या दिवशी लेझीम छान झाली.

ती भगिनी मात्र मुख्य कार्यक्रमाला आली नाही. खिरापत मी स्वतः तिच्या घरी पोचविली. दोन दिवसांनी डबा परत आला, स्वच्छ घासलेला, आत मूठभर साखर.